हात लावून निघा: इबान घराचा निरोप घेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नोकरीसाठी तुम्ही सारावाकमध्ये, म्हणजे बोर्नियो बेटावरच्या मलेशियाच्या राज्यात, बिंतुलूला राहता. गावाईच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या सुट्टीत एका इबान (तिथल्या मूळ रहिवासी जमातीतल्या) सहकाऱ्याने तुम्हाला बेतोंगजवळच्या आपल्या लाँगहाऊसमध्ये, म्हणजे अनेक कुटुंबांच्या एका लांब घरात, नेलं. परतीच्या सकाळी घाई होती. त्याच्या आत्याने ताट पुढे केलं, तुम्ही "पोट भरलंय" म्हणत हसून नको म्हटलंत आणि गाडीत बसलात. वीस मिनिटांनी आत्याचा फोन आला. सहकाऱ्याने गाडी वळवली, तुम्हाला पुन्हा जिन्यापाशी नेलं, ताटातल्या गोड चकतीला बोट लावायला सांगितलं, आणि मग तिथल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तुम्ही विचारता: माझ्याकडून अपमान झाला का? त्यांना माझी भीती वाटली का? मी शाकाहारी आहे, पुढच्या वेळी काय करू? आणि ती आत्या मला सारखी 'आकान' का म्हणत होती?

चौथा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय. माझ्या मते बाकीच्या तिघांची किल्ली त्याच्यातच आहे. सारिबास आणि बातांग लुपार या नद्यांकाठच्या इबान घरांत मी बारा वर्षं येऊन-जाऊन राहिले. नात्यांच्या नोंदी करणं हे माझं काम होतं, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येईल. वर राजांग आणि बालेह नद्यांकडे काही गोष्टी वेगळ्या असतात. चर्चला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या घरांत फरक असतो, आणि एकाच घरात आजी आणि नातू यांच्यात तर असतोच. तुमच्या सहकाऱ्याच्या घरी नेमकं काय मानतात, हे त्यालाच विचारा.

आता मुद्द्याकडे. अपमान झाला नाही. तुम्ही दुखावलंत म्हणून आत्याने फोन केला नव्हता. तुम्हाला रस्त्यात काही होईल या धास्तीने तिने फोन केला. समोर आलेलं अन्न चाखल्याशिवाय, निदान हात लावल्याशिवाय जो निघतो, त्याला 'पुनी' लागते असं इबान मानतात. पुनी म्हणजे कुणी दिलेला शाप नाही आणि देवाची शिक्षाही नाही. माणूस उघडा पडतो, एवढाच तिचा अर्थ. मग साप चावतो, गोम डसते, पाय घसरतो, होडी उलटते, आता गाडीचा अपघात होतो. लक्षात घ्या, नाकारणाऱ्या तुम्ही होतात आणि धोकाही तुम्हालाच होता. आत्याला काही होणार नव्हतं. तरीही ती झोपू शकली नसती, कारण ताट तिने पुढे केलं होतं.

ही कल्पना एकट्या इबानांची नाही. मलायांमध्ये ती 'केम्पुनान' नावाने आहे. मलेशियाच्या द्वीपकल्पावर पाहांगच्या जंगलात राहणाऱ्या चेवोंग लोकांत तिला 'पुनेन' म्हणतात, आणि तिथे तर सगळा समाज त्या एका नियमावर उभा आहे. शिकार घरी आणली की ती सगळ्यांना दाखवायची आणि लगेच वाटायची. कुणाच्या मनात इच्छा जागी झाली आणि ती अपुरी राहिली, तर त्याच्यावर वाघ किंवा साप येतो. बोर्नियोत वाघ नाहीत, म्हणून इबानांच्या बोलण्यात साप, गोम आणि मगर येतात. मगरीची भीती हवेतली नाही. बातांग लुपारमध्ये 'बुजांग सेनांग' नावाच्या मगरीने कित्येक वर्षं माणसं ओढून नेली. ती 1992 साली मारली गेली. तो सिमालुंगुन नावाचा जुना योद्धाच मगर होऊन आला, असं तिथले लोक सांगतात. त्याच नदीत श्री आमान गावापाशी समुद्राची भरती भिंतीसारखी उलटी चढते, तिला 'बेनाक' म्हणतात. अशा नद्यांवर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या त्यांना प्रवास ही हलकी गोष्ट वाटत नाही, आणि वाटूही नये.

पण मग अन्नाचा आणि सापाचा संबंध काय? मला हे कळायला बराच काळ गेला. पुनीबद्दल मी विचारत राहिले, तेव्हा उत्तरं तुटक येत होती: "असंच असतं", "आजी सांगायची". माणूस कशाने बनतो हे विचारायला लागले, तेव्हा धागा हाती आला.

इबान मानतात की माणसाच्या देहात 'सेमेंगात' असतो. त्याला आत्मा म्हणा, जीव म्हणा, पण तो देहाला खिळलेला नाही. झोपेत तो हिंडतो, आणि स्वप्न म्हणजे त्याचं हिंडणं. दचकलं की तो सुटतो. तो घट्ट असेल तर माणूस बरा असतो, मऊ पडला तर आजारी. म्हणून मोठ्या प्रवासाआधी किंवा आजारातून उठल्यावर सेमेंगात 'कठीण' करतात. एकदा मी नदीच्या वरच्या अंगाला चार दिवसांसाठी निघाले होते. पहाटे अजून अंधार होता, रुआईवर, म्हणजे सगळ्या घरांपुढच्या लांब सामायिक पडवीत, एकच दिवा होता. ज्या घरी मी राहायचे तिथली आजी विळ्याएवढा जुना पोलादाचा तुकडा घेऊन आली आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला, तर तिने मान हलवली आणि स्वतःचे दात दाखवले. दातात धरायचा होता. थंडगार, थोडा तेलकट, मातीचा वास. मी तो क्षणभर चावून धरला. तिने माझ्या डोक्यावरून कोंबडा ओवाळला, पुटपुटली आणि मग भात पुढे केला. तीन घास खाल्ल्यावरच मला जिना उतरू दिला. लोखंड, कोंबडा आणि भात ही सगळी एकाच कामाची साधनं होती. मला घट्ट करून बाहेर पाठवायचं होतं.

बाहेर 'आंतू' असतात. आंतू म्हणजे भूत असं भाषांतर लोक करतात, पण ते अपुरं आहे. त्यात मेलेल्यांचे आत्मे येतात, मदत करणारे येतात आणि जंगलात राहणारे स्वतंत्र जीवही येतात. सगळ्यांत दरारा 'आंतू गेरासी'चा. तो राक्षसासारखा उंच शिकारी आहे, बरोबर त्याचे कुत्रे असतात. आपण रानडुकराच्या मागे जातो तसा तो माणसाच्या सेमेंगातच्या मागे जातो. म्हणजे जंगलात शिरणारा इबान शिकारी एकाच वेळी शिकारी असतो आणि सावजही. कोण कोणाला सावज म्हणून पाहील, हे तुम्ही किती घट्ट आहात यावर ठरतं. अर्धवट इच्छा आणि नाकारलेलं ताट घेऊन निघालेला माणूस मऊ असतो. हे शेवटचं वाक्य माझं आहे, कुणा आजीचं नाही. पण दोन-तीन वयस्कर लोकांपुढे मी ते बोलून पाहिलं, तेव्हा त्यांनी खोडून काढलं नाही.

आता नात्याकडे येते. सेमेंगातखेरीज माणसाचं आणखी एक रूप असतं, त्याला 'आयू' म्हणतात. दुसऱ्या लोकात आयू झाडासारखं उगवतं, बांबूच्या किंवा केळीच्या बेटासारखं. माणूस आजारी पडला की ते सुकतं, तण माजतं, आणि 'मानांग', म्हणजे वैद्य-पुरोहित, विधी करून त्याची निगा राखतो. यातली माझ्या मनात ठसलेली गोष्ट म्हणजे एका कुटुंबाचे आयू एकाच बेटात वाढतात. एकटं उभं असलेलं आयू नसतं. आपण केळीच्या बुंध्याशी पिलं पाहतो ना, तसं. देहाने तुम्ही हजार किलोमीटर लांब गेलात तरी त्या बेटात तुमचा कोंब घरच्यांच्या कोंबांना चिकटून आहे. घरातल्या एकाने बेफिकिरी केली तर सगळ्यांना धास्ती वाटते, ती यामुळे.

लाँगहाऊस बाहेरून एक लांबलचक घर दिसतं, पण आत प्रत्येक कुटुंबाचं आपलं बिऱ्हाड असतं, 'बिलिक'. घर किती मोठं हे 'किती दारांचं' असं सांगतात, कारण एक दार म्हणजे एक बिलिक. आपल्याकडे परंपरेने वारसा मुलाकडे जायचा, तसं इथे नाही. मुलगा असो वा मुलगी, कुणीतरी एक अपत्य आई-बापांच्या बिलिकमध्ये राहतं, बाकीचे लग्न करून जोडीदाराकडे जातात किंवा वेगळं दार मांडतात. नवरा बायकोच्या घरी जाणं आणि बायको नवऱ्याच्या घरी जाणं, दोन्ही सारखंच सर्रास चालतं. त्यामुळे नातं आईकडून आणि बापाकडून समसमान मोजतात. काका आणि मामा दोघेही 'आया'. आत्या आणि मावशी दोघीही 'इबू'. चुलत, मामे, आते, मावस हे सगळे 'पेतुंगाल'. आणि भाचा, भाची, पुतण्या, पुतणी या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, 'आकान'.

तेव्हा आत्या तुम्हाला आकान म्हणाली, याचा अर्थ तिने तुम्हाला तिच्या भावंडांच्या मुलांच्या पिढीत बसवलं. पाहुणी म्हणून आलेली मुलगी भाची-पुतणी म्हणून निघाली. मग ती तुम्हाला पुनीच्या अंगाने रस्त्यावर कशी जाऊ देईल? कुणी परका वाटसरू असता तरी तिने ताटाला हात लावायला सांगितलंच असतं, पण गाडी परत बोलावली असती का, याबद्दल मला शंका आहे.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या संध्याकाळी आजीने तुम्हाला आईचं नाव, भावंडं किती, लग्न झालंय का, असं खोदून विचारलं आणि तुम्हाला ते अवघड वाटलं. वाटणारच. पण ती चौकशी नव्हती, तुम्हाला जागा देणं होतं. दोन अनोळखी इबान भेटले की ते वंशावळ काढतात, तिला 'तुसुत' म्हणतात. सारिबासकडे पंधरा-वीस पिढ्यांची तुसुत तोंडपाठ म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत. कुठेतरी एक पूर्वज सामायिक सापडला की पिढी ठरते, पिढी ठरली की एकमेकांना काय म्हणायचं ते ठरतं. नाहीच सापडला, तर वयावरून ठरवतात.

पिढी चुकली तर? तिथे पुन्हा आंतू आणि देव येतात, आणि प्रवासही. सेरागुंटिंगची कथा प्रत्येक घरात थोडी वेगळी सांगतात. बापाचं नाव कुठे मेंग्गिन, कुठे सिऊ. तो शिकारी माणूस होता, आई मात्र पक्ष्यांच्या देवाची, सिंगालांग बुरोंगची मुलगी. घातलेली अट मोडली म्हणून ती माहेरी निघून गेली. बाप आणि लेक तिला शोधत आजोबांच्या घरी पोचले. आजोबांनी नातवाला लगेच ओळख दिली नाही, आधी परीक्षा घेतल्या. मग शेती कधी करायची, लढाईला कधी जायचं, कोणत्या पक्ष्याची हाक कुठून आली तर निघायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं त्याला शिकवलं. पण तिथेच सेरागुंटिंगने नकळत आपल्या मावशीशी संबंध ठेवला. त्यावर आजोबांनी सांगितलं की वरच्या पिढीतल्या बाईशी असं नातं केलं तर पीक जातं, जमीन बिघडते, आणि ते निस्तरायला विधी लागतो. शकुन आणि सोयरिकीचे नियम इबानांना एकाच प्रवासात मिळाले, एकाच आजोबांकडून. पाहुण्याला आधी नात्यात बसवण्याची घाई का, ते यातून कळतं.

सिंगालांग बुरोंग पक्षीरूपात येतो तेव्हा तो ब्राह्मणी घार असतो. तीच, कोकणात मासेबाजारावर घिरट्या घालणारी, पांढऱ्या डोक्याची तांबूस घार. शकुनाचे पक्षी बहुतेक त्याचे जावई: केतुपोंग, बेरागाई, पांगकास, बेजाम्पोंग, पापाऊ, एम्बुआस. नेंदाक हा आपल्या सह्याद्रीतल्या शामाचा अगदी जवळचा नातलग, आणि त्याची हाक 'थंड' मानतात, म्हणजे शांत, सुरक्षित. बेरागाईची हाक हसण्यासारखी, एम्बुआसची जड आणि रडवी. सासऱ्याचा निरोप जावई घेऊन येतात, म्हणून जंगलातला आवाज हा नुसता आवाज राहत नाही, तो नातेवाइकांचा निरोप होतो. (सासू-सासऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, घेतलं तर 'तुलाह', म्हणजे दोष, लागतो, हा नियमही तिथे आहे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या तिथे सहज रमल्या असत्या.) आता गाडीने जाणाऱ्याला पक्षी ऐकू येत नाही. तरीही साठीच्या पुढचे काहीजण निघताना अंगणात क्षणभर थांबून कान देतात. तुमच्या सहकाऱ्याने तसं केलं नसेल, त्याच्या आत्याने केलं असेल.

इबान पुरुषांच्या आयुष्यात प्रवासाचं मोल फार मोठं आहे. त्याला 'बेजालाई' म्हणतात, शब्दशः 'चालणं'. तरुण मुलगा ब्रुनेई, सिंगापूर, साबा, पुढे तेलाच्या खाणी अशा ठिकाणी महिनोन् महिने, वर्षानुवर्षं जायचा आणि मातीचे मोठे रांजण, घंटा, पैसा आणि गोष्टी घेऊन परतायचा. निघण्याआधी दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूला 'बुंगाई तेरुंग' गोंदवायचे, वांग्याचं फूल. फुलाच्या मधोमध एक वेटोळं असतं, 'ताली न्यावा', जिवाची दोरी. घरापासून तुटू नये म्हणून दोरी अंगावर घेऊन निघणाऱ्या माणसांच्या लोकांत तुम्ही गेला होतात. तुमचा सहकारी बिंतुलूला नोकरी करतो, तेही त्याच्या आत्याच्या दृष्टीने बेजालाईच आहे. आणि तिच्या हिशेबी तुम्हीही तेच करताय, फक्त नागपूरहून.

इथवरचं एकत्र करते, कारण बरंच पसरलं. धोका बाहेर आहे, पण त्यापासून राखणं घरात होतं, आणि ते अन्नाने, स्पर्शाने, नात्याच्या शब्दाने होतं. तुम्ही ताट नाकारलंत तेव्हा त्या राखण्यातला शेवटचा टाका राहिला होता. आत्याने तो घालून घेतला.

याला अंधश्रद्धा म्हणावं का, असं तुम्ही कंसात विचारलंय. आज सारावाकमधले बहुसंख्य इबान ख्रिस्ती आहेत. मी पाद्र्यांच्या घरी जेवले आहे आणि तिथेही निघताना "हात लाव" असं ऐकलं आहे. ताटाला बोट लावलं म्हणून गाडीचे ब्रेक नीट लागतात, असं मला वाटत नाही. पण जिच्या डोळ्यांदेखत नद्यांनी माणसं नेली त्या बाईला तुमच्या सुखरूप पोचण्याची एवढी काळजी वाटते, तिला एका शब्दात निकालात काढणं मला जमत नाही. मी स्वतः हात लावते, आणि मनापासून लावते.

आता पुढच्या वेळेचं. शाकाहाराची अडचण होत नाही. खाणं बंधनकारक नाही, स्पर्श पुरतो. ताटात डुकराचं मांस किंवा बांबूत शिजवलेली कोंबडी असेल तर शेजारच्या भाताला, नाहीतर भांड्याच्या काठाला बोट लावा. बहुतेक घरी तेवढं चालतं. बोट ओठांना लावायचं की नाही, हे घरागणिक बदलतं, म्हणून समोरची बाई काय करते ते पाहा. तुम्ही ज्या गोड चकतीला हात लावलात तिला बहुधा 'पेंगानान इरी' म्हणत असतील. तांदळाचं पीठ आणि ताडवर्गातल्या निपाचा गूळ, तळलेलं. आपल्या घारग्यासारखंच, तुम्ही निःशंक खाऊ शकता. तुआक, म्हणजे तांदळाची दारू, नको असेल तर पेल्याला बोट लावा आणि परत द्या. "नको" म्हणून हात मागे घेऊ नका, एवढंच. आणि हे आधीच, पहिल्या दिवशी सांगून ठेवा. निघायच्या घाईत सांगितलं तर सगळे गोंधळतात.

गावाईत 'मिरिंग', म्हणजे नैवेद्याचा विधी, होतो तेव्हा बशा एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्येत मांडतात. त्यात भात, अंडं, विडा, तंबाखू आणि भाताच्या लाह्या असतात. त्या बशांतलं मात्र उचलू नका, ते पाहुण्यांसाठी नसतं. आणि पोचण्याआधी सहकाऱ्याला विचारा की घरात नुकतं कुणी गेलं तर नाही ना. सुतकात गाणं-वाजवणं बंद असतं, काही दिवस बाहेरच्यांनी येणंही टाळतात. घरात साप दिसला तर ओरडून मारायला धावू नका, घरच्यांना हाक मारा. काही कुटुंबांचा 'तुआ', राखणदार, अजगराच्या किंवा नागाच्या रूपात येतो आणि त्याला मारणं म्हणजे आपल्याच माणसाला मारणं.

राहिला शेवटचा प्रश्न, आत्याला तुम्ही काय म्हणायचं. ती तुम्हाला आकान म्हणाली, तर तुम्ही 'इबू' म्हणा. पुढच्या खेपेला बिंतुलूला पोचलात की गाडीतून उतरण्याआधी तिला फोन करा. सहकाऱ्याला करायला सांगू नका, तुमचाच आवाज तिला हवा असेल. ती विचारेल, "उदाह दाताई?" म्हणजे, पोचलीस का. तुम्ही म्हणा, "उदाह, इबू."